तोंडाला लावण्यापुरतं

२ सप्टेंबर

आज नारिन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने माझा निकाल लावला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यातला पिकतो आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला राजधानीतून ऑपरेशन करणारी मंडळी येणार आहेत. माझं नाव यादीत घालतील, पण रक्तातली साखर इथल्या मापाने तेरा आहे ती आठच्या खाली आणली तरच. नाही आणली तर पुढच्या उन्हाळ्यात बघू, म्हणाला. तोपर्यंत मला दिसेल का, असं विचारलं तर कागदावरून मान वर न करता म्हणाला, "उजेड दिसेल."

नुसता उजेड घेऊन मी काय करू? मी शिरदाक, म्हणजे लोकरीच्या नमद्यांचे गालिचे, शिवणारी बाई आहे. लाल नमद्यात काळ्या नमद्याचं नक्षीचं शिंग बसवायचं आणि दोघांच्या शिवेवरून टाका घालत जायचं, हे मी लग्नाआधीपासून करते. आता काळं कुठे संपलं आणि लाल कुठे सुरू झालं ते बोटाने चाचपावं लागतं. शेजारची सेयिलकान माझ्याबरोबर शिवते. परवा म्हणाली, "झुराकान, हे मेंढ्याचं शिंग आहे की गाढवाचा कान?" मी हसले. मग घरी येऊन सगळं उसवलं.

डॉक्टरने विचारलं, रात्री उठून काही खाता का? म्हटलं, बोरसोक खाते. किती? म्हटलं, कणकेचे तळलेले तुकडे कोण मोजत बसतं, पिशवीत हात घालायचा, आणि पिशवी संपली की झोपायचं. त्याला हसू आलं नाही. म्हणाला, "रात्रीचं तळण बंद. अजिबात बंद." वयाने माझ्या मुलाएवढा, कुबानएवढा पोरगा. मला कोणी बंद म्हटलं की माझ्यातलं खेचर जागं होतं. पण येताना डोलोन खिंडीत गाडी थांबली तेव्हा विचार केला, या वेळी खेचर डॉक्टरच्या अंगावर सोडायचं नाही, साखरेच्या अंगावर सोडायचं. बघू कोण आधी थकतं.

आमच्या कोचकोरला उतरल्यावर दुकानातून ही वही घेतली. दिसतंय तोवर लिहीन, मोठ्या अक्षरात.

३ सप्टेंबर

सुनेला सगळं सांगितलं. कुबान रशियात बांधकामावर आहे, घरात मी, ही आयसालकिन आणि तिची तान्ही. आयसालकिन चांगल्या घरची आहे. मोठ्यांपुढे मान वर करत नाही, उलट उत्तर देत नाही, नातेवाईकांची नावं तोंडावाटे काढत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बोरसोकांची पिशवी माझ्या उशाकडून उचलून कोठीत टांगली. मला न विचारता.

भूक मात्र वेळेवर आली. मी रोज त्याच वेळेला जागी होते. आमचे हे काराकेचेच्या खाणीतला कोळसा ट्रकने वाहायचे, खिंड उतरून घरी पोचायचे तेव्हा सगळं गाव झोपलेलं असायचं. मी उठून चहा ठेवायची, बोरसोक पुढे ठेवायची, आणि ते खायचे म्हणून मीही खायची. पोटाला सवय लागली, बाकी काही नाही. हे जाऊन वर्ष होत आलं तरी पोटाला कोणी कळवलेलं नाही.

रात्री पाणी पिऊन झोपले. झोपले म्हणजे आडवी झाले.

८ सप्टेंबर

पाण्याने भूक भागत नाही हे मला आधीच ठाऊक होतं, तरी दोन रात्री घालवल्या. काहीतरी खायला हवंच. ते तळलेलं नको, गोड नको, आणि मला अंधारात, चूल न पेटवता हाताला मिळालं पाहिजे. डोळ्यांची ही अशी गत असताना रात्री गॅसशी खेळले तर साखरेआधी घरच जाईल.

म्हणून कुरुत. चक्क्याच्या वाळवलेल्या खारट गोळ्या घरात नेहमीच असतात. एक तोंडात धरली की बराच वेळ जातो. दोन रात्री झकास गेल्या. तिसऱ्या सकाळी पाय बुटात जाईनात. सेयिलकान म्हणाली, "मीठ चाटून चाटून तू मेंढी झालीस. आता तुला लोकर येईल." कुरुत बंद.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज बातमा एजे आली. ही माझी थोरली नणंद. दर गुरुवारी येते, माझ्या चुलीवर तेल कढवते आणि भावासाठी बोरसोक तळते. तेलाचा वास वर जातो, मेलेल्यांना पोचतो, त्यांना कळतं की घरचे विसरले नाहीत. हे आमच्यात सगळीकडेच करतात, पण बातमा एजेसारखं निष्ठेने कोणी करत नाही. गुडघे दुखत असले तरी नदीपलीकडून चालत येते.

मी सांगितलं की मी तळलेलं सोडलं. "चांगलं केलंस," म्हणाली आणि पहिला तुकडा माझ्यापुढे धरला. "त्याच्या नावाचा आहे. तोंडाला लाव."

आता हे खाणं नव्हे. समोर आलेल्या अन्नाला तोंड न लावता उठणं म्हणजे त्या अन्नाच्या तोंडावर थुंकणं, हे आम्हाला पाळण्यात शिकवतात. लावला. तिच्या हातचा होता, गरम होता, म्हणून आणखी एक लावला. खाण्यात धरण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी आयसालकिनने चहाचं पातेलं माझ्या मांडीशेजारी सांडलं. वाचले थोडक्यात. एवढी टापटिपीची पोरगी, हल्ली तिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

१५ सप्टेंबर

सुके जर्दाळू. गोड असतात, पण सेयिलकान म्हणाली फळाची साखर वेगळी. ती डॉक्टर कधी झाली ते विचारायला हवं होतं. सकाळी दवाखान्यातल्या नर्सने बोटातलं रक्त तपासलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी जर्दाळूंची उरलेली पिशवी तिलाच देऊन आले.

परत येताना सेयिलकानकडे डोकावले. तिच्या मुलाला गाडीचं लायसन्स मिळालं म्हणून तिने बेल्याश तळले होते, खिम्याचे. दारातूनच तोंडाला लावून निघाले. निघताना आयसालकिन धावत आली, शेळी सुटली म्हणून. घरी येऊन बघते तर शेळी खुंटीला बांधलेली.

२१ सप्टेंबर

मुळा. रात्री खाल्ला, आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही. तान्हीसुद्धा उठली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

शनिवारच्या बाजारात ओशचा सुकामेवावाला बसतो, त्याच्याकडून भाजलेले हरभरे आणले होते. चवीला उत्तम, हाताला सोपे, पोटभरही. मी म्हटलं, जिंकले. आणि काल रात्री कटकन आवाज झाला. हरभरा शाबूत, माझा सोन्याचा दात हातात. ह्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी करून दिलेला.

सकाळी रडू आलं. दातासाठी रडले असं सुनेला सांगितलं.

आज गुरुवार, बातमा एजे येऊन गेली. तोंडाला लावलं. दातामुळे एका बाजूनेच चावता आलं. आयसालकिनच्या हातून बशी फुटली. या महिन्यातली ती कितवी बशी, देव जाणे. घरात बशा उरल्या तर नशीब.

२८ सप्टेंबर

लग्नाला गेलो होतो, पलीकडच्या आळीत. दस्तरखानावर बोरसोकांचा ढीग, वर सामसे, वर अजून काय काय. मी निश्चय करून बसले होते आणि निश्चय मोडला नाही. फक्त नवरीच्या आईने धरलेला, मग नवऱ्याच्या आजीने धरलेला, मग एका म्हाताऱ्या मामांनी आशीर्वाद देऊन धरलेला, तेवढेच. नवीन घराला शाप लागू नये एवढ्यापुरते. आयसालकिनने मला तीनदा बाहेर बोलावलं, तान्ही रडते म्हणून. तिसऱ्यांदा मी चिडले. पोरगी तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

घरी येताना म्हटलं, "हे असं पाहुण्यांमधून उठवू नये. लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "हो अपा." आणि जोरजोरात चालू लागली.

४ ऑक्टोबर

सापडलं.

कल्पना सेयिलकानची, पण सुधारणा माझी. ती म्हणाली, तुझी आजी रात्री काय खायची? माझी आजी तालकन खायची, भाजलेल्या जवाचं पीठ, ताकात कालवलेलं. उभ्या उभ्या खायची आणि तशीच दूध काढायला जायची. मी जव भाजला, हाताच्या जात्यावर भरडला. दिवसभर घरात तो वास होता. रात्री वाटीत दोन चमचे पीठ, वर ताक, साखर नाही, मीठ चिमूटभर. ज्या दिवशी पीठ नको वाटेल त्या दिवशी घरचा चक्का, त्यात लसणीची पात आणि दोन अक्रोड. सगळं खिडकीच्या थंड कट्ट्यावर संध्याकाळीच ठेवते. चूल नको, दिवा नको, दात नको.

काल रात्री खाल्लं आणि नंतर सकाळपर्यंत भूक नाही. बोरसोक पोटात असले की मी तासाभराने परत जागी व्हायची. आता हा कोचकोरमधला सगळ्यात हुशार शोध आहे असं मी सेयिलकानला सांगितलं. ती म्हणाली, "शोध तुझ्या आजीचा, तोरा तुझा."

तोरा आहेच. महिना झाला, तळलेल्याला हात लावलेला नाही.

१४ ऑक्टोबर

साखर बारा.

बारा. तेरावरून बारा. नर्सला म्हटलं, मशीन बिघडलं आहे. तिने दुसऱ्या मशीनवर केलं. बाराच्या वर थोडं. म्हटलं, ही दोन्ही मशीनं एकाच कारखान्यातली असणार. ती म्हणाली, "अपा, तुम्ही खाता काय?" मी तिला तालकन सांगितलं, चक्का सांगितला. ती म्हणाली, हे सगळं चांगलं आहे, मग असं कसं? मलाच विचारते.

सेयिलकान म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आज तिच्याशी बोलणार नाही.

महिना दीड महिना मी रात्री कुढत काढला, दात गमावला, मुळा खाल्ला, आणि साखर मला वाकुल्या दाखवते. ती डॉक्टरची पोरं डिसेंबरात येतील आणि माझ्या नावावर काट मारून जातील. संध्याकाळी तालकनची सगळी बरणी कोंबड्यांना ओतली. आयसालकिन दारात उभी होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "काय?" म्हणाली, "काही नाही अपा." मला भीती वाटते आहे. हे फक्त इथे लिहिते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे घडलं तसं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं.

बातमा एजेने तळलं. सेयिलकानही आली होती, मी बोलत नसले तरी ती येते. एजेने पहिला तुकडा धरला. मी म्हटलं, "एजे, माझी साखर उतरत नाही, कोणाची नजर लागली असेल का?" एजे म्हणाली, "लागली असेल. आधी हे तोंडाला लाव, मग विस्तवावर धूप टाकू."

आयसालकिन चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिने ते खाली ठेवलं. मान खालीच, डोळे जमिनीवर, आणि म्हणाली, "अपांना नजर लागलेली नाही. अपा खातात."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"दर गुरुवारी इथे दोन, कधी तीन. सेयिलकान अपांकडे बेल्याश. लग्नात पाच, मी बघत होते. परवा नमदा धुवायला गेलात तिथे परातीतून. बाळाला बघायला पाहुणे आले ते पिशवी घेऊन आले, त्यातले. अपा म्हणतात तोंडाला लावलं. पण तोंडाला लावलेलंही पोटातच जातं."

बातमा एजेने हातातला झारा खाली ठेवला. "वा. सुनेला जीभ फुटली."

"फुटली," आयसालकिन म्हणाली. "मी बोलायचं नसतं हे मला माहीत आहे. शिव्या नंतर द्या, मी ऐकून घेईन. पण अपा आंधळ्या झाल्या तर त्यांचा हात धरून न्यायचं मला आहे, आणि मला ते नकोय. मला त्या दिसत्या हव्यात."

मी म्हटलं, "चहा ओत आणि आत जा." तिने ओतला आणि आत गेली. एजेने तुकडा परत माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि खाल्ला. सुनेला दाखवायला खाल्ला. मी या घरातली मोठी आहे.

१८ ऑक्टोबर

दोन दिवस कोणाशी बोलले नाही. नमद्याच्या ढिगावर बसून आठवत राहिले. लग्न, लायसन्स, बारसं, कोणाचं तरी नवीन फाटक, नदीकाठची ती परात. आठवलं की प्रत्येक वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी मान. थेंबे थेंबे तळं साचलं, आणि तळं तेलाचं.

राग आला, पण नक्की कोणाचा ते ठरेना. सुनेचा म्हणावा तर ती खरं बोलली. एजेचा म्हणावा तर ती प्रेमाने देते. कोणीच वाईट नाही आणि माझा डोळा मात्र जाणार, हा कुठला न्याय? एवढ्या चांगल्या लोकांत राहून माणूस आंधळं होत असेल तर चांगुलपणाचं काहीतरी चुकतंय.

संध्याकाळी आयसालकिनला हाक मारली. म्हटलं, "जव भाजायला घे. कोंबड्यांनी माझं सगळं खाल्लं." तिने माझ्याकडे पाहिलं, मग पटकन खाली पाहिलं. "हो अपा," म्हणाली, आणि कढई इतकी जोरात आपटली की तान्ही जागी झाली.

२६ ऑक्टोबर

नाही म्हणायला शिकते आहे. या वयात. सोपं नाही. पहिल्या दिवशी पोट बिघडलं म्हणून सांगितलं, तर शेजारीण औषधी काढा घेऊन आली, सोबत बोरसोक. दुसऱ्या दिवशी उपवास आहे म्हणून सांगितलं, तर विचारलं कसला. खोटं बोललं की खोट्यालाही घास लावावा लागतो. म्हणून आता सरळ नको म्हणते. लोक बघत राहतात. एकीने तर दोन दिवस मला दुरूनच सलाम केला.

सेयिलकानने नियम केला आहे की तिच्याकडे कोणी मला काही द्यायचं नाही, फक्त टोमणे द्यायचे. आज तिने टोमण्यांनी माझं पोट भरलं.

आणखी एक गोष्ट नोंदवायची राहिली. त्या दिवसापासून आयसालकिनच्या हातून काही सांडलं नाही की फुटलं नाही. शेळीही सुटत नाही. मुलगी हळूहळू सुधारते आहे.

८ नोव्हेंबर

आज ह्यांचं वर्षाचं जेवण झालं. घोडा कापला, अंगणात कढया लावल्या, सगळी आळी आली. काल रात्रभर बायकांनी बोरसोक तळले. दस्तरखानावर पांढऱ्या कापडावर ते पसरले होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मला ठाऊक होतं काय होणार. बातमा एजे माझ्या शेजारी बसली, काळा रुमाल बांधून. मौलवींनी दुआ म्हणण्याआधी तिने ढिगातून एक उचलला आणि माझ्यापुढे धरला. सगळे बघत होते. विधवेने आजच्या दिवशी पहिला घास घ्यायचा असतो.

मी म्हटलं, "नको, एजे."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तोंडाला लाव. माझ्या भावाचं वर्ष आहे."

"तुमच्या भावाचं आहे, माझ्या नवऱ्याचंही आहे. नको."

कोणीतरी खाकरलं. एजेचा हात तसाच हवेत. मला वाटलं आता मी घेईन. खरंच, हात उचलला होता. मग तिने ते म्हटलं. "वर्षभरातच तो तुला नकोसा झाला."

तेव्हा माझ्यातलं खेचर उठलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एजे, गेलेला माणूस काय खातो? तुम्हीच मला शिकवलंत. वास. कालपासून या अंगणात एवढं तेल कढलंय की त्यांना खिंडीपलीकडे पोचलं असेल. त्यांचं पोट वासाने भरलं. मग हा घास मी कोणासाठी गिळू? त्यांना तो पोचत नाही. मला पोचतो, आणि माझ्या डोळ्यांत साचतो. ते असते तर त्यांनी तुमच्या हातातून हिसकावून स्वतः खाल्ला असता."

मागच्या रांगेत एक म्हातारा हसला आणि लगेच थांबला. खरंच तसं केलं असतं ह्यांनी, सगळ्यांना माहीत होतं. मौलवींनी हात उचलले आणि दुआ सुरू केली, गडबडीने. दुआ संपल्यावर बघते तर एजे उठून गेली होती. तो बोरसोक कापडावर ठेवला होता, एकटा, ढिगापासून दूर.

पाहुणे जेवून गेले. निरोप घेताना अर्ध्या बायकांनी माझा हात हातात घेतला नाही. जाऊ देत. उरलेल्या अर्ध्यांपैकी तिघींनी कानात विचारलं, तालकन किती भाजायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एजे आली नाही.

संध्याकाळ झाली तशी घर विचित्र वाटायला लागलं. आयसालकिन दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. शेवटी मी स्वतः कणीक मळली, तेल ठेवलं. सुनेला आवडलं नसावं, पण ती चुलीजवळ येऊन उभी राहिली, माझ्या हाताला चटका बसू नये म्हणून तुकडे तीच सोडत होती. मी फक्त शेजारी बसले आणि वास घेतला.

आणि मला ते आठवलं जे मी वर्षभर आठवू दिलं नव्हतं. ह्यांचा ट्रक खिंडीत उभा सापडला, इंजिन सुरू, डोकं स्टिअरिंगवर. बरोबरच्या ड्रायव्हरने त्यांची पिशवी मला आणून दिली. त्यात मी दिलेले बोरसोक होते, अर्धे खाल्लेले. त्या रात्री उरलेले अर्धे मी खाल्ले. कडक झाले होते, डिझेलचा वास येत होता. दुसऱ्या रात्री भूक लागली म्हणून जागी झाले, आणि तिथून रोज.

भूक नव्हती ती. मी गाडीच्या आवाजाची वाट बघायची. कोणी येत नाही म्हटल्यावर हाताला काहीतरी काम हवं, म्हणून पिशवीत हात. मला ते हवे होते आणि मिळत होतं तळण.

हे लिहिताना रडते आहे, आणि रडू द्यावं असं ठरवलं आहे. आज तळलेले सगळे आयसालकिनने शेजारी वाटले. मी चक्का खाल्ला, अक्रोड घालून.

२४ नोव्हेंबर

साडेसात.

नर्सने दोन्ही मशीनवर करून दाखवलं, मी न सांगता. डॉक्टरला फोन लावला, नाव पक्कं केलं. घरी सांगितलं तर आयसालकिन चुलीसमोर बसून हमसून हमसून रडली. म्हटलं, वेडी आहेस का, उतरली की. तरी रडतेच आहे. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. याआधी कधी फिरवला होता का, आठवत नाही.

सेयिलकान म्हणाली, "आता तुला दिसायला लागलं की माझ्या सगळ्या चुका दिसतील. मला ऑपरेशन नामंजूर आहे."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एजे आली. कोट काढला, बाह्या सारल्या, तेल ठेवलं. मी कणीक तिच्यापुढे सारली. तळून झाल्यावर तिने पहिला तुकडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि आयसालकिनला दिला. मला विचारलंच नाही.

आजवर असं कोणी केलं असतं तर मला अपमान वाटला असता. मी तिच्या गुडघ्याखाली आणखी एक उशी सारली. ती म्हणाली, "नारिनला थंडी असेल. लोकरीचे मोजे घाल."

५ डिसेंबर

नारिन. एका डोळ्याने लिहिते आहे, दुसऱ्यावर पट्टी. ओळी डोंगर चढताहेत, चढू देत. काल ऑपरेशन झालं. उद्या पट्टी काढतील. डॉक्टर म्हणाला, झकास झालं. त्याला मी तालकनची पुडी दिली. या खेपेला तो हसला.

शेजारच्या खाटेवर अकतालाकडची एक म्हातारी आहे. तिची लेक दुपारी आली, मोठी पिशवी घेऊन, आणि गाडी बघायला खाली गेली. म्हातारीने पिशवीत हात घातला, बोरसोक काढला आणि माझ्या खाटेच्या दिशेने धरला.

"तोंडाला लाव, मुली."

"नको, आई."

"मला राग येईल."

"येऊ द्या."

कारण दिलं नाही. पहिल्यांदाच कारण दिलं नाही. म्हातारी हात तसाच धरून बसली. मग हात खाली घेतला.

"तुला साखर आहे का गं?" तिने विचारलं.

"तेरा होती. उतरवली."

"माझी अठरा आहे. आज मला परत पाठवताहेत. डोळ्याला हात लावणार नाही म्हणाले." तिने पिशवीवरून हात फिरवला. "माझ्या सुना, लेकी, जावा, सगळ्या आणून देतात. प्रेमाने देतात. मला नाही म्हणता येत नाही. तू आत्ता कसं म्हणालीस?"

मी उठले, चाचपडत तिच्या खाटेवर जाऊन बसले. पिशवी उचलली, एक तुकडा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"घ्या, आई. तोंडाला लावा."

तिचा हात सवयीने निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला. तिने तो ओढून मांडीवर ठेवला आणि वरून दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"नको," ती पुटपुटली.

"मोठ्याने," मी म्हटलं.